तेच ते पुन्हा कशाला लिहायचं?

ऑक्टोबर २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. फलक बदलू लागले, दुकानदार नवी बिलबुकं छापून घेऊ लागले. त्याच सुमारास एका दूध संकलन केंद्राचा संगणकावरचा प्रोग्रॅम माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. केंद्राच्या सचिवांचा फोन आला, "ताई, पावतीवर नवं नाव यायला लागलं, पण दहा दिवसांच्या बिलावर अजून जुनंच येतंय. आणि कपातीच्या यादीवर तर नुसतं 'नगर' छापतंय."

प्रोग्रॅम दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला होता. काम चोख करायचा, हिशेबात पैशाचा फरक नव्हता. पण त्यात जेवढी पानं होती, तेवढ्या ठिकाणी जिल्ह्याचं नाव हाताने टाइप केलेलं होतं. एके ठिकाणी बदललं की दुसरीकडे राहून जायचं. तो बदल करताना मी सगळा प्रोग्रॅम वाचून काढला. जिल्ह्याचं नाव ही फक्त वरवर दिसणारी गोष्ट होती. तिच्याखाली प्रत्येक पानामागे त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा लिहिलेल्या होत्या. त्या कमी कशा केल्या, आणि पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिणाऱ्या जगभरच्या लोकांनी त्या कमी करायला किती वर्षं घेतली, हे मला इथे सांगायचं आहे. संगणकाचं शिक्षण नसलेल्या वाचकालाही ते समजेल, कारण मुळात हा प्रश्न नीटनेटक्या कामाचा आहे.

मी हे काम देवळालीत बसून करते. देवळाली म्हटलं की बाहेरच्यांना नाशिकची छावणी आठवते. आमची देवळाली प्रवरेची. राहुरी तालुक्यातली, राहुरी फॅक्टरीच्या जवळची, भंडारदरा धरणाच्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. ते धरण १९२६ सालचं. ऊस, कांदा आणि दारात गाय, यावर इथलं घर चालतं. पुण्यातली नोकरी सोडून मी इथे परत आले, आणि आता दूध केंद्रं, पतसंस्था, शाळा यांच्यासाठी वेबवर चालणारे प्रोग्रॅम लिहिते. संध्याकाळी बीसीए, बीसीएस करणाऱ्या काही मुली शिकायला येतात. कालव्याला आवर्तन सुटलं की त्यांतल्या निम्म्या येत नाहीत; घरची माणसं पाणी धरायला शेतात गेलेली असतात आणि धारा काढायचं काम मुलींवर पडतं.

त्यांना मी पहिल्या दिवशी दूध केंद्राची छापील पावती दाखवते. वर केंद्राचं नाव, खाली रकाने: सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. छापलेला भाग सगळ्यांना सारखा. रकान्यात भरलेले आकडे ज्याचे त्याचे. वेबसाइटचं टेम्प्लेट म्हणजे अशीच रिकाम्या जागा सोडलेली पावती. आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. २०२० साली शासनाने सातबाऱ्याची मांडणी बदलली, त्यावर बोधचिन्ह आलं, गावाच्या नावासोबत गावाचा कोड आला. कुणाच्या जमिनीचा गट किंवा क्षेत्र त्याने बदललं नाही. नमुना आणि नोंद वेगळे ठेवले की असं करता येतं.

आता दुसरा शब्द, व्ह्यू. शेतकरी मोबाइलवर 'माझं बिल' दाबतो. ती मागणी, म्हणजे रिक्वेस्ट, सर्व्हरवर पोचते. जँगो नावाची पायथॉनची वेब चौकट (फ्रेमवर्क) पत्ता बघते आणि ती मागणी एका ठरलेल्या फंक्शनच्या हातात देते. हे फंक्शन म्हणजे व्ह्यू. ते त्या सभासदाच्या दहा दिवसांच्या नोंदी डेटाबेसमधून काढतं, पशुखाद्याची आणि उचलीची कपात वजा करतं, आलेले आकडे नावानिशी एका डिक्शनरीत भरतं, टेम्प्लेटला देतं आणि तयार झालेलं पान परत पाठवतं. टेम्प्लेटला दिलेल्या त्या सामग्रीला कॉन्टेक्स्ट म्हणतात. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं.

जँगोचा जन्म सॉफ्टवेअर कंपनीत झाला नाही, वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या दैनिकात २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी बातम्यांची संकेतस्थळं लवकर उभी करता यावीत म्हणून ही चौकट लिहायला घेतली. जुलै २००५ मध्ये ती सगळ्यांसाठी मोफत खुली झाली. होलोव्हाटी गिटार वाजवतात. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं नाव त्यांनी चौकटीला दिलं. वर्तमानपत्रात बातमी लिहिणारा वेगळा आणि पान लावणारा वेगळा असतो. म्हणूनच जँगोच्या टेम्प्लेटमध्ये मुद्दाम फार शक्ती ठेवलेली नाही. तिथे वाटेल तो पायथॉन कोड लिहिता येत नाही. दिलेली किंमत दाखवायची, यादी फिरवायची, अट तपासायची, झालं. हिशेब व्ह्यूमध्ये किंवा त्याच्याही मागे व्हावा, टेम्प्लेटमध्ये होऊ नये, हा त्यामागचा आग्रह. मला तो फार मोलाचा वाटतो. दुधाचा दर टेम्प्लेटमध्ये गुणला जात असेल, तर दर चुकल्यावर चूक कुठे शोधायची हेच कळत नाही.

मूळ मुद्दा इथून सुरू होतो. सुरुवातीच्या पद्धतीने एक पान दाखवायला व्ह्यूच्या शेवटी पायऱ्या अशा लिहाव्या लागत: टेम्प्लेटची फाइल शोधून उघडा, कॉन्टेक्स्ट तयार करा, टेम्प्लेटमध्ये तो भरून घ्या, आलेला मजकूर उत्तराच्या रूपात, म्हणजे रिस्पॉन्समध्ये, गुंडाळून परत द्या. यातली एकही पायरी चुकीची नाही. पण पावतीचं पान असो, बिलाचं असो की सभासदांच्या यादीचं, या पायऱ्या शब्दशः त्याच.

माझ्याकडे आलेल्या प्रोग्रॅममध्ये हे उघड दिसत होतं. एका मुलीला मी त्यातली फाइल वाचायला दिली. तिने दोन-तीन फंक्शनं वाचली आणि विचारलं, "ताई, खालच्या ओळी सगळीकडे सारख्याच आहेत. मग यात कामाची ओळ कुठली?" प्रश्न अगदी बरोबर होता. बिलाच्या व्ह्यूमध्ये कामाची ओळ म्हणजे कपात वजा करणारी. ती वर दोन ओळींत संपली होती आणि बाकी सगळा पसारा होता. वाचणाऱ्याची नजर पसाऱ्यावर घसरते आणि कामाच्या ओळीतली चूक सुटते. व्ह्यू सोपा करायचा तो यासाठी. टाइप करायचा वेळ वाचतो हा दुय्यम फायदा आहे.

जँगोनेही हे लवकर ओळखलं होतं. सगळ्या पायऱ्या एकात घेणारं 'रेंडर टू रिस्पॉन्स' नावाचं छोटं फंक्शन त्यांनी दिलं. टेम्प्लेटचं नाव सांगा, डिक्शनरी द्या, पान तयार. पण त्यात एक खोच राहिली होती. या फंक्शनला मूळ रिक्वेस्ट दिलेलीच नसायची. त्यामुळे लॉगिन केलेला माणूस कोण, त्याला कुठला संदेश दाखवायचा, यातलं काहीच टेम्प्लेटला आपोआप कळत नसे. ते हवं असेल तर 'रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट' नावाची आणखी एक वस्तू प्रत्येक वेळी हाताने जोडावी लागे.

मग २०१० साली जँगोच्या १.२ या आवृत्तीत फॉर्मच्या सुरक्षेची सोय चौकटीच्या गाभ्यात आली. प्रत्येक फॉर्मसोबत एक गुप्त खूण पाठवायची, म्हणजे दुसऱ्याच कुठल्या संकेतस्थळावरून तुमच्या नावाने फॉर्म भरला जाऊ नये. ही खूण टेम्प्लेटला रिक्वेस्टमधूनच मिळते. ज्यांनी 'रिक्वेस्ट कॉन्टेक्स्ट' जोडला नाही त्यांच्या फॉर्ममध्ये खूण रिकामी राहायची आणि बटण दाबलं की ४०३ क्रमांकाचा नकार यायचा. फॉर्म बरोबर, हिशेब बरोबर, तरी पान नाही म्हणतंय! त्या काळात जँगोवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, हा ४०३ त्यांना पाठ असेल.

मार्च २०११ मध्ये १.३ आवृत्ती आली आणि तिच्यासोबत 'रेंडर'. याला पहिली गोष्ट द्यायची ती रिक्वेस्ट, मग टेम्प्लेटचं नाव, मग डिक्शनरी. बाकी सगळं ते सांभाळतं, सुरक्षेची खूणसुद्धा. जुनं फंक्शन पुढेही बरीच वर्षं चालू ठेवलं होतं. २०१७ च्या शेवटी आलेल्या २.० मध्ये ते जुनं ठरवलं आणि डिसेंबर २०१९ च्या ३.० मध्ये काढून टाकलं. लोकांना बदलायला एवढा वेळ दिला, ही जँगो चालवणाऱ्यांची चांगली रीत आहे. दूध केंद्राचा प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर आणताना मला याच जागा एकेक करून बदलाव्या लागल्या. काम कंटाळवाणं होतं, पण झाल्यावर प्रत्येक व्ह्यूच्या शेवटी एकच ओळ उरली.

जिल्ह्याचं नाव मात्र अजून प्रत्येक डिक्शनरीत होतंच. केंद्राचं नाव, पत्ता, चालू आर्थिक वर्ष, हेही. या गोष्टी कुठल्याही एका पानाच्या नाहीत, सगळ्या पानांच्या आहेत. अशा सामायिक गोष्टींसाठी जँगोत कॉन्टेक्स्ट प्रोसेसर असतो. एक लहानसं फंक्शन लिहायचं, त्याने ही सामायिक माहिती द्यायची, आणि सेटिंग्जच्या फाइलमध्ये त्याचं नाव नोंदवायचं. मग 'रेंडर' प्रत्येक पानाच्या कॉन्टेक्स्टमध्ये ती माहिती आपोआप मिसळतं. टेम्प्लेटच्या बाजूनेही तसंच: वरचा मथळा आणि खालचा पत्ता एका मूळ टेम्प्लेटमध्ये ठेवायचा, आणि बाकीच्या टेम्प्लेटांनी त्याचा वारसा घ्यायचा. आता आमच्या प्रोग्रॅममध्ये 'अहिल्यानगर' हा शब्द एकदाच लिहिलेला आहे.

इथे एक सूचना करते. कॉन्टेक्स्ट प्रोसेसर हातात आला की त्यात सगळंच कोंबायचा मोह होतो. तो प्रत्येक पान बनताना चालतो. त्यात कुणी सगळ्या सभासदांची थकबाकी मोजायला घेतली, तर साधं संपर्काचं पानही डेटाबेसला कामाला लावणार. सकाळ-संध्याकाळ संकलनाच्या वेळी रांगेत कॅन घेऊन माणसं उभी असतात, दूध तापमानाला नाजूक असतं; तेव्हा पावती उशिरा निघणं परवडत नाही. सामायिक ठेवायचं ते थोडं आणि हलकं.

हा प्रश्न आमच्यासारख्या छोट्या कामांतच येतो असं नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत फॉसी हा प्रकल्प चालतो. महाविद्यालयांत मुक्त, मोफत सॉफ्टवेअर वापरलं जावं यासाठी तो काम करतो. त्या प्रकल्पात प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांच्या पुढाकाराने 'यक्ष' नावाची ऑनलाइन परीक्षेची प्रणाली तयार झाली. विद्यार्थी प्रोग्रॅम लिहितो, आणि प्रणाली तो चालवून तिथल्या तिथे तपासते. यक्ष जँगोवर लिहिलेली आहे आणि तिचा कोड सगळ्यांना बघायला खुला आहे. तिच्या व्ह्यूजच्या फाइलमध्ये सुरुवातीलाच दोन छोटी मदतनीस फंक्शनं आहेत. त्यांतलं एक पानं दाखवण्यासाठी. संस्थेच्या सर्व्हरवर प्रणाली कुठल्या पत्त्याखाली बसवली आहे, तो मूळ पत्ता ते प्रत्येक कॉन्टेक्स्टमध्ये घालतं आणि पुढचं काम जँगोच्या 'रेंडर'कडे सोपवतं. दुसरं फंक्शन एका पानावरून दुसऱ्या पानावर पाठवताना तोच मूळ पत्ता जोडतं. त्यामुळे यक्ष एखाद्या महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळाच्या पोटात बसवली, तर पत्ता एकाच जागी सांगावा लागतो. पाच-सात ओळींचं काम, पण खालच्या सगळ्या व्ह्यूंना त्याने मोकळं केलं. माझ्या मुलींना मी हे आवर्जून वाचायला लावते. आपल्या राज्यातल्या माणसांनी, खऱ्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला कोड वाचताना त्या जास्त लक्ष देतात, असा माझा अनुभव आहे.

काही पानांना तर व्ह्यू लिहायचीही गरज नसते. संपर्क, नियम, केंद्राच्या वेळा, यात कसलाच हिशेब नाही. पूर्वी जँगोत यासाठी 'डायरेक्ट टू टेम्प्लेट' होतं. १.३ मध्ये त्याच्या जागी 'टेम्प्लेट व्ह्यू' हा क्लास, म्हणजे तयार साचा, आला. पत्त्यांच्या यादीतच टेम्प्लेटचं नाव सांगायचं, व्ह्यूजच्या फाइलला हात लावायचा नाही. अशा साध्या पानांना मी तोच वापरते. जिथे हिशेब आहे तिथे मात्र मला साधं फंक्शनच आवडतं. क्लासवर क्लास रचून लिहिलेला व्ह्यू लिहिणाऱ्याला छान वाटतो. नव्याने वाचणाऱ्याला मात्र कुठली गोष्ट कुठल्या थरात घडते हे शोधत फिरावं लागतं. याबद्दल अनुभवी लोकांत मतभेद आहेत. माझं मत गावातल्या कामावरून झालेलं आहे: इथे प्रोग्रॅम लिहिणारा एक असतो आणि पुढे तो सांभाळणारा दुसराच येतो.

सोपं करण्याच्या नादात काही वाटा चुकीच्याही निघाल्या. त्यांतली एक मला धोक्याची वाटते. पायथॉनमध्ये 'लोकल्स' नावाची सोय आहे. फंक्शनमध्ये त्या क्षणी जेवढी नावं आहेत, ती सगळी ती एका डिक्शनरीत देते. मग काहींनी डिक्शनरी बनवायचे कष्टच सोडले आणि टेम्प्लेटला सरळ 'लोकल्स' दिलं. ओळ आखूड झाली खरी. पण बिल काढताना व्ह्यूमध्ये सभासदाचा बँक खाते क्रमांक असतो, इतरांच्या नोंदी असतात. त्या सगळ्या टेम्प्लेटच्या आवाक्यात गेल्या. उद्या टेम्प्लेटमध्ये कुणी नकळत चुकीचं नाव लिहिलं की दुसऱ्याच्या घरचा पैसा तिसऱ्याच्या मोबाइलवर दिसणार. शिवाय व्ह्यू वाचून या पानाला नेमकं काय दिलं आहे, हे कळायचा मार्गच उरत नाही. कॉन्टेक्स्टमध्ये काय जातं ते नावानिशी लिहिलेलंच हवं. तिथे आळस नको.

दुसरी वाट डेकोरेटरची. फंक्शनच्या डोक्यावर एका ओळीत टेम्प्लेटचं नाव लिहायचं आणि फंक्शनने नुसती डिक्शनरी परत द्यायची. पान बनवायचं काम डेकोरेटर करतो. जँगोसाठी बाहेरच्या लोकांनी असे डेकोरेटर लिहिले. पायथॉनचीच पिरॅमिड नावाची चौकट आहे, तिने तर हीच पद्धत अधिकृतपणे स्वीकारली. तिचा एक खरा फायदा आहे: व्ह्यू तपासताना पान बनवावं लागत नाही, डिक्शनरीतले आकडे बरोबर आहेत का एवढंच बघायचं. हिशेबाच्या प्रोग्रॅमला हे सोयीचं. पण जँगोत बाकी सगळे व्ह्यू रिस्पॉन्स परत देतात, आणि डेकोरेटर लावलेला व्ह्यू डिक्शनरी देतो. दोन्ही पद्धती एका फाइलमध्ये मिसळल्या की नवा माणूस गोंधळतो. म्हणून पिरॅमिडमध्ये काम करताना ती पद्धत घ्यावी, जँगोत 'रेंडर'वर राहावं. आर्मिन रोनाखर यांनी २०१० साली आणलेल्या फ्लास्क या छोट्या चौकटीत 'रेंडर टेम्प्लेट' आहे. तिथे रिक्वेस्ट टेम्प्लेटला आपोआप मिळते, हाताने द्यावी लागत नाही. प्रत्येक घराची रीत वेगळी, पण सगळ्यांना हवं तेच आहे: व्ह्यूमध्ये त्या पानाचंच काम दिसावं.

दूध केंद्राच्या बिलाचा व्ह्यू आता कसा आहे? सभासद शोधा, दहा दिवसांच्या नोंदी काढा, कपात वजा करा, आणि शेवटी 'रेंडर'ची एक ओळ, जिच्यात टेम्प्लेटला दिलेली चारही नावं स्पष्ट लिहिलेली. ज्या मुलीने कामाची ओळ विचारली होती, तिनेच पुढे त्यात उचलीचे हप्ते पाडण्याची सोय घातली. कुठे घालायची हे तिला कुणी सांगायची गरज पडली नाही.

ज्यांना शिकायचं आहे त्यांच्यासाठी: पायथॉन आणि जँगो दोन्ही मोफत आहेत, साधा जुना लॅपटॉप पुरतो. यक्षचा कोड गिटहबवर उघडा आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात मराठी आवाजातले धडे आहेत, तेही विनामूल्य. आणि जे शिक्षक महाविद्यालयात हा विषय शिकवतात त्यांना माझी विनंती आहे, जुन्या नोट्समधलं 'रेंडर टू रिस्पॉन्स' आता शिकवू नका. चालू आवृत्त्यांमध्ये ते नाही, आणि मुलं घरी जाऊन प्रोग्रॅम चालवतात तेव्हा पहिल्याच ओळीला अडतात.